गाळलेली दिंडी

नाटक सुटलं. जिन्यावरच्या गर्दीत ह्यांनी माझं कोपर धरलं आणि कानाशी येऊन विचारलं, "ती दिंडी झाली का गं? का माझाच डोळा लागला मधे?" मागून लोक रेटत होते, पुढे एका आजींना त्यांचा नातू एकेक पायरी सांगून उतरवत होता, कुणाच्या तरी गजऱ्यातली फुलं माझ्या चपलेखाली येत होती. मी मागे न बघताच म्हटलं, "झाली की. तुमचाच लागला." ह्यांनी कोपर सोडलं. "आता काय म्हणावं," असं काहीतरी स्वतःशीच पुटपुटले आणि खाली उतरेपर्यंत काही बोलले नाहीत.

दिंडी झाली नव्हती.

दिंडी म्हटलं की डोळ्यांपुढे वारी येते. ही ती नव्हे. ही छंदातली. एका ओळीत १९ मात्रा, ९ झाल्या की बारीकसा थांबा, मग उरलेल्या १०. साकी तिची थोरली बहीण, २८ मात्रांची, १६ वर टेकणारी. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात शाकुंतल उभं केलं, तेव्हा समोर बसलेल्या माणसांच्या कानांत राग नंतर होते, कीर्तनातल्या साक्या-दिंड्या आधी होत्या. चाल ओळखीची असल्यामुळे शब्द सरळ पोटात जायचे. दिंडीला ताना लागत नाहीत, आलाप लागत नाहीत, तबलाही असला तर असला. बोलता बोलता आवाज जरा वर उचलायचा आणि गोष्ट पुढे न्यायची, एवढंच तिचं काम. ह्यांच्या आत्या तांदूळ निवडताना ह्या नाटकातली ती दिंडी म्हणायच्या. नवव्या मात्रेवर जो थांबा येतो, नेमका तेव्हा सुपातला खडा उचलून बाजूला टाकायच्या आणि पुढच्या १० मात्रा पुन्हा सुपात बघत. ह्यांना ती तशीच पाठ आहे, खड्यासकट. नाटकाची जाहिरात पेपरात आल्यापासून ह्यांचं एकच चाललं होतं, की बाकी पदं काय, कुणीही म्हणतं. ती दिंडी स्टेजवर कशी म्हणतात ते बघायचंय. (नाटक कुठलं ते मुद्दाम सांगत नाही. दौऱ्यावर फिरणाऱ्या माणसांना माझ्यामुळे बोल लागायला नको. जुनं, पौराणिक, अर्ध्या कोल्हापूरला पाठ असलेलं, इतकं पुरे.)

प्रयोग संध्याकाळी ५ चा होता. आगीनंतरचा तो पहिला हिवाळा. आम्ही निघालो ते मुद्दाम खासबागेवरून. खरं तर वाट वाकडी होते, पण संगीत नाटकाला जायचं आणि त्या दारावरून जायचं नाही हे पायांनाच जमलं नाही. शाहू महाराजांनी १९१५ मध्ये उघडलेलं पॅलेस थिएटर, पुढे गायक नट केशवराव भोसल्यांच्या नावाचं झालेलं, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं. आणि ९ ऑगस्ट ही केशवरावांची जयंती. हा योगायोग गावात इतक्या वेळा बोलला गेलाय की आता तो कुणी नव्याने बोलत नाही, नुसती मान हलवतात. शेजारी कुस्तीचं मैदान. एका भिंतीला तालीम आणि एका भिंतीला तालीम, शब्द तोच. गावाला दोन्हीकडची दाद द्यायची रीतही एकच: कुस्तीत पट निघाला की आरोळी, गाण्यात सुरेख जागा घेतली की आरोळी. केशवराव ३१ व्या वर्षी, १९२१ च्या ऑक्टोबरात गेले. त्याच वर्षी ८ जुलैला मुंबईत बालगंधर्वांबरोबर संयुक्त मानापमान झालं होतं, दोघांच्या कंपन्यांनी मिळून केलेलं. त्यातला नायक, धैर्यधर, कोल्हापूरचा होता, हे इथे अजून अशा सुरात सांगतात की जणू गेल्या आठवड्यात झालं. ह्यांनी दारापाशी गाडी बंद केली नाही, नुसती हळू केली.

सभागृहाशी पोहोचलो तर कंपनीचा टेम्पो अजून अर्धा भरलेलाच. आदल्या रात्री सांगलीला प्रयोग, पहाटे निघून अकरापर्यंत इथे पोहोचायचं असा बेत; पण गळीत हंगाम. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ट्रॉलीवर ऊस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर आलेला, आणि अशांची रांग. पुढे जायला जागा नाही, मागे दिवे नाहीत. टेम्पो दोनला टेकला. ज्यांना हा धंदा माहीत नाही त्यांना वाटतं, तीन तास म्हणजे पुष्कळ. पण क्रम ठरलेला असतो. आधी वरचे दिवे, कारण एकदा सेट उभा राहिला की शिडी फिरवायला जागा उरत नाही. मग नेपथ्य: पाट, पायऱ्या, महालाच्या चौकटी, मागचा पडदा. मग त्या नेपथ्यावर दिव्यांची तोंडं वळवायची. मग माइक. आणि सगळ्यात शेवटी वादक बसणार, गाणारे येऊन दोन-दोन ओळी म्हणून बघणार. वेळ कमी पडला की कापला जातो तो हाच शेवटचा तास. संगीत नाटकात नेमका तोच सगळ्यात महाग.

सभागृह चांगलं, पण स्टेज ह्या सेटसाठी मापलेलं नव्हतं. महालाच्या दोन कमानी विंगेतच राहिल्या, तिसरी निम्मी दिसत होती. पूर्वी हा प्रश्नच नसायचा. जंगल, रस्ता, महाल असे रंगवलेले पडदे गुंडाळीवर असत. स्टेज लहान तर कडा विंगेमागे जात, एवढंच. हे पडदे रंगवणारे हात याच गावात होते, बाबूराव पेंटरांचे हात सिनेमाच्या कॅमेऱ्याला लागण्याआधी नाटकाच्या पडद्यांना लागलेले. पडद्याची गंमत अशी की तो पिशवीत मावतो आणि त्याच्यापुढे उभा राहिलेला माणूस मोठा दिसतो. आताच्या चौकटी खऱ्या लाकडाच्या वाटतात, पण माणूस त्यांच्यात अडकतो. माझं हे मत ह्यांना पटत नाही.

आमच्या जागा सातव्या रांगेत, मधल्या वाटेच्या उजव्या अंगाला. तिकीट काढताना खिडकीवरच्या प्लॅनवर बोट ठेवून मागून घेतल्या होत्या. संगीत नाटकाला पहिल्या तीन रांगा टाळाव्यात: तिथे ऑर्गन कानात येतो, गळा मागून येतो, आणि नटाचं तोंड बघायला मान वर करावी लागते. बाल्कनीच्या छताखालच्या रांगाही टाळाव्यात, तिथे आवाज पोहोचतो पण त्याची शेपटी तुटते. सहा ते दहा ह्या रांगा, जरा मधून बाजूला. ऑर्गन डावीकडे होता म्हणून आम्ही उजवीकडे. ह्यांनी बसल्या बसल्या पिशवीतून पाण्याची बाटली आणि खोकल्याच्या गोळ्या काढून मधल्या दांडीवर ठेवल्या. गोळीचा कागद नांदीच्या आधीच सोडून ठेवायचा, हा आमच्या घरातला नियम.

वादक आले तेव्हा पावणेपाच वाजले होते. ऑर्गन खरा होता, पायांनी हवा ओढायचा. हल्ली पुष्कळ ठिकाणी विजेवर चालणारी पेटी असते, तिला ओझं नाही आणि कुरकुरही नाही. पण पायऑर्गनचा सूर जसा खालून भरत येतो, तसा तिचा येत नाही. हार्मोनियमचा भाता हवा बाहेर ढकलतो, ऑर्गनचा आत ओढतो. पितळी जिभेवरून हवा आत जाते, म्हणून सूर टोचत नाही, गोल होऊन येतो. बालगंधर्वांच्या गळ्याशेजारी तो इतका शोभला की पुढे संगीत नाटक म्हणजे ऑर्गन असं समीकरणच झालं. खोड एकच. हवा आत ओढायची म्हणजे हवेबरोबर रस्त्यावरची धूळही आत. एखादा कण जिभेच्या फटीत अडकला की तो सूर गप्प. ऑर्गनवाल्यांनी बसल्यावर एकेक पट्टी दाबून पाहिली, खालच्या सप्तकात एका जागी थांबले, तीच पट्टी चार-पाच वेळा दाबली, मग मान हलवून सोडून दिली. म्हणजे आज त्या सुराला वळसा. पुढच्या तीन तासांत त्यांनी तो वळसा असा घेतला की मी मुद्दाम कान देऊनही दोनदाच पकडू शकले.

तबलजींचं काम आणखी वेगळं. नायक काळी एकमध्ये गाणारा, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला सा धरून, नायिका काळी चारमध्ये. माणसं दोन, पट्ट्या दोन, आणि पदं एकामागून एक. मधे हातोडी घेऊन बसायला वेळ नाही. सोय अशी की काळी चारचा मध्यम म्हणजेच काळी एक. तेव्हा काळी एकला लावलेला एकच तबला नायकाला षड्जाला, म्हणजे सा ला, लागतो आणि नायिकेला मध्यमात, म्हणजे म वर, चालून जातो. पण राग मध्यम वर्ज्य असलेला, म्हणजे म लागतच नाही असा, निघाला, तर तो तबला प्रत्येक थापेला खोटं बोलतो. त्यासाठी शेजारी दुसरा तबला, काळी दोनला, नायिकेचा पंचम. कुठलं पद कुठल्या तबल्यावर, हे एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून डग्ग्याला टेकवून ठेवलेलं होतं. डिसेंबरातली कोरडी हवा, वरून दिव्यांची धग: कातडं ताणतं, सूर चढतो. ऑर्गन मात्र जागेवर. म्हणून पहिल्या अंकात तबलजींचा हात सारखा खालून वर. गजऱ्यावर, म्हणजे तबल्याच्या तोंडाभोवतीच्या कातडी वेणीवर, खालून ठोकलं की सूर उतरतो, वरून ठोकलं की चढतो. पावसाळ्यात ह्याच गावात उलट, वरून ठोकून ठोकून गजरा बसतो आणि शेवटी वाद्यांखालचे लाकडी गट्टे खाली सारावे लागतात. ह्यांनी विचारलं, "सारखं काय ठोकतायत ते?" मी म्हटलं, "घाम पुसतायत." तबल्याच्या बाबतीत ते खोटं नव्हतं.

तिसरी घंटा ५ वाजून ४० मिनिटांनी झाली.

पडद्यामागून धुपाचा वास आला, मग नारळ फुटल्याचा आवाज, मग ऑर्गनचा सा. नांदी उभी राहिली आणि नेहमीसारखं झालं: मागे कमानी अर्ध्या होत्या, रांगेत उभ्या असलेल्या एकाच्या उपरण्याला इस्त्री नव्हती, आणि तरी अंगावर काटा आला. दहा-बारा गळे एका षड्जावर टेकले की त्यातला कुणाचा कसा आहे हे कळतच नाही, आणि कळू नये असंच वाटतं. शेल्याच्या घडीतून डांबराच्या गोळीचा वास सातव्या रांगेपर्यंत येत होता. माझ्या पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी मांडीवर बोटं मोजायला सुरुवात केली. कोल्हापुरात नाटकाला जावं तर असे चार तरी गुडघे आसपास ताल धरून असतात. गाणाऱ्याला ते दिसतात, आणि त्याने धीरही येतो नि धाकही वाटतो.

आवाजाची तपासणी राहून गेली होती, ते पहिल्या प्रवेशातच कळलं. कपाळावर मुकुटाच्या कडेला लावलेले छोटे माइक, कमरेला डबी. नायकाची डबी पक्की होती, नायिकेची मोत्यांची माळ माइकच्या तारेवर घासत होती, दर वळणाला खर्र. ती मुरलेली बाई होती. दुसऱ्या वाक्याला डावा हात असा छातीशी नेला की तो अभिनयच वाटावा, आणि माळ पदराखाली सारली. दोघं जवळ आली की आवाज पोकळ व्हायचा, नळकांड्यातून आल्यासारखा. एकाचा आवाज दुसऱ्याच्याही माइकमध्ये क्षणभर उशिरा जातो आणि दोन्ही एकमेकांना खातात, म्हणून तसं होतं. त्यावर उपाय एकच: जवळ आल्यावर एक माइक बंद करायचा. त्यासाठी मागे बसलेल्या पोराला नाटक पाठ पाहिजे. दुसऱ्या अंकापर्यंत त्याला अंदाज आला. तोवर नायक-नायिका जरा लांबूनच प्रेम करत राहिली. पौराणिक नाटकात ते खपतं.

आणि मग तिचं ते मोठं पद आलं.

काय झालं ते सांगायला शब्द अपुरे वगैरे म्हणणार नाही, सांगता येतं. अंतऱ्यात वरच्या षड्जावर गेल्यावर तिने लगेच उतरायचं नाकारलं. ऑर्गन मागे हटला, तबला नुसत्या ठेक्यावर आला, सभागृहात कुणी खोकलं नाही, आणि ती त्या सुरावर उभी राहिली, हलली नाही. मग समेच्या, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेच्या, तोंडावर एक छोटी वळणदार जागा घेऊन मुखड्यावर अलगद आली. पुढच्या गृहस्थांचं बोट समेवर मांडीवर आपटलं. आणि मी ओरडले. "वन्स मोर!" माझ्या तोंडून सगळ्यात आधी गेलं, हे मला नक्की आठवतं, कारण ह्यांनी दचकून माझ्याकडे बघितलं. मग बाल्कनी उठली. किती गंमत आहे, एवढं संगीत नाटक आपण आपल्या मातीतलं म्हणतो आणि त्यातली सगळ्यात जुनी आरोळी इंग्रजी. तिने नमस्कार केला, ऑर्गनकडे नजर टाकली, हाताचं एक बोट जरासं गोल फिरवलं. म्हणजे अख्खं नाही, अंतऱ्यापासून. ही नजर आणि हे बोट शिकायला वर्षं जातात. वन्स मोर घ्यायचा की नमस्कारावर भागवायचं, घ्यायचा तर कुठून, आणि दुसऱ्यांदा तीच जागा घ्यायची की वेगळी, हे सगळं टाळ्या ओसरायच्या आत ठरतं. तीच जागा पुन्हा घेतली की लोकांना कळतं, ही बसवलेली होती. तिने वेगळी घेतली.

त्या अंकात आणखी दोन झाले. एक तिचाच, तोही रास्त. तिसरा नायकाचा. त्याला खरं तर तो द्यायला नको होता. पद बरं झालं होतं, पण शेवटच्या तानेला आवाज फाटायच्या बेतात आलेला मला ऐकू आला होता. कोरडी हवा नुसत्या कातड्याला त्रास देत नाही. पण तिला दिला आणि त्याला नाही, हे कोल्हापूरच्या न्यायात बसत नाही. त्याने घेतला. दुसऱ्यांदा फाटलाच.

एका वन्स मोरला धरा चार मिनिटं, टाळ्यांसकट. तीन म्हणजे बारा. उशीर चाळीस मिनिटं. सभागृह सोडायची वेळ ठरलेली, त्याच्या आत सेट उतरून टेम्पोत जायला हवा, दुसऱ्या दिवशी बेळगाव. पूर्वी असा हिशेब नव्हता. रात्री पडदा वर गेला की पहाटेपर्यंत. तेव्हा शाकुंतलातली दोनशेच्या आसपासची पदंही मावत, वन्स मोरही मावत, आणि मधे एखाद्याची झोपही मावे. आता त्याच नाटकांच्या तीन तासांच्या संहिता असतात, आणि त्या संहितेत पेन्सिलीने आणखी एक संहिता लिहिलेली असते: वेळ कमी पडला तर काय उडवायचं. नावाजलेली पदं त्या यादीत कधीच नसतात, ती उडवली तर लोक खुर्च्या मोडतील. विनोदी प्रवेश निम्मा होतो. सूत्रधाराची चार वाक्यं जातात. आणि साक्या, दिंड्या. त्यांना टाळी नसते, म्हणून त्या गेल्याचा आवाज होत नाही.

ह्यात आमच्या गावाचाही हात आहे. गोविंदराव टेंबे इथलेच. १९११ च्या मानापमानात त्यांनी चालींना रागदारीची अशी काही धार लावली की त्यानंतर लोक नाटकाला गाणं ऐकायला येऊ लागले. अल्लादिया खाँसाहेबांचं गाणं दरबारात चालू असलेल्या गावाचे कान, त्यांना साकी-दिंडी पुरणार कशी? मला स्वतःलाही तानेचंच पद आवडतं. खोटं कशाला बोलू. पण दिंडीच्या जागी काही आलं नाही, हेही खरं. गोष्ट सांगत सांगत हळूच सुरात जाणं आणि कुणाच्या लक्षात यायच्या आत परत बोलण्यात येणं, हा जो मधला पूल होता, तो गेल्यामुळे आता गद्य संपलं की नट जरा खाकरतो, अंग सावरतो, आणि पद "सुरू होतं".

मध्यंतर १५ मिनिटांचं होतं, ते १० चं केलं. त्याने काही वाचलं नाही. वडा आणि चहाची रांग जितकी असते तितकीच राहिली आणि तिसऱ्या अंकाची पहिली पाच मिनिटं लोक चहाचे पेले घेऊन गुडघ्यांवरून आत येत राहिले. मधल्या अंकाला ह्यांनी खरंच एक डुलकी काढली होती, मान खांद्याकडे झुकलेली. तिसऱ्या अंकाला मात्र सरळ बसले. पाण्याचा घोट घेतला. दिंडीची जागा जवळ येत होती.

ती म्हणणारी मुलगी वयाने लहान, कामही लहान. तिच्या वाक्याच्या शेवटी ऑर्गनवाल्यांनी हलकेच सूर दिला, नुसता सा आणि पंचम, दिंडीला लागतो तेवढाच. मुलीने तोंड उघडलं. विंगेतून, आमच्या बाजूने दिसेल अशा जागी, एक हात बाहेर आला आणि दोन बोटं कात्रीसारखी मिटली. ऑर्गनवाल्यांनी पट्टीवरून बोटं उचलली. सूर एकदम तुटत नाही त्या वाद्याचा, भात्यात ओढ असते तोवर किंचित रेंगाळतो. त्या रेंगाळलेल्या सुरावर मुलीने पुढचं गद्य वाक्य सुरू केलं, म्हणून पहिले दोन शब्द जवळजवळ गायल्यासारखे आले. मग बोलणं. सगळं मिळून तीन-चार सेकंद. ह्यांनी त्या वेळी खाली बघून चष्मा पुसायला काढलेला होता. परत लावला, तेव्हा प्रवेश पुढे गेलेला.

चार ओळींची दिंडी. सावकाश म्हटली तरी दीड मिनिट.

म्हणजे माझ्या एका आरोळीत दोन दिंड्या सहज बसल्या असत्या. हा हिशेब मी जिन्यावर, ह्यांनी कोपर धरलं त्या क्षणी केलेला नव्हता, पण झालेला होता. "गाळली" म्हटलं असतं तर ह्यांनी विचारलं असतं, का? आणि मी उसाच्या ट्रॉल्यांवर ढकललं असतं. तेही पूर्ण खोटं नव्हतंच.

बाहेर थंडी पडली होती. मागच्या दाराशी टेम्पो लागला होता आणि माल उलट्या क्रमाने चढत होता: जे उद्या सगळ्यात आधी लागणार ते सगळ्यात शेवटी आत. दिव्यांच्या पेट्या दाराशी ठेवून थांबलेल्या, कमानी आधी जात होत्या. ऑर्गन तेवढा ह्या क्रमाबाहेर: घडी होऊन, रजईत गुंडाळून, सगळ्यांच्या शेवटी. नायिका शाल गुंडाळून पायरीवर उभी राहून चहा पीत होती, कपाळावर मुकुटाचा लाल वळ. तिला जाऊन सांगावं वाटलं, आणि काय सांगायचं ते सुचलं नाही. दिंडीची मुलगी फोनवर हसत कुणाशी तरी बोलत होती. तिला त्याचं काही नव्हतं, रोजचंच असणार.

ह्यांनी गाडी गंगावेशीकडे वळवली. नाटकानंतर दूध कट्टा, हे लग्नाआधीपासूनचं. म्हशी ओळीने उभ्या, अंगाची वाफ दिव्याखाली दिसत होती. पितळी भांड्यात धार पडते तिचा आवाज आधी टणटणीत असतो, भांडं भरत जातं तसा जड होत जातो, आणि फेस आला की ऐकूच येत नाही. पेला हातात आला तो अंगाइतका गरम. ह्यांनी मिशीला लागलेला फेस पुसला.

"कशी म्हटली गं तिने?"

"कुठली?"

"दिंडी."

मी पेल्यात बघितलं. "चांगली म्हटली."

"लांबवली नाही ना? हल्ली लांबवतात. आत्या लांबवायची नाही."

"नाही. सरळ म्हटली."

"आणि थांबा? नवव्यावर?"

"घेतला की."

ह्यांनी मान डोलावली, पेला कट्ट्यावर ठेवला, आणि गाडीची किल्ली शोधता शोधता अगदी खालच्या आवाजात ती सुरू केली. पट्टी कुठली ते विचारू नका. पहिल्या ओळीत ९ मात्रा झाल्या तसे थांबले, अंगठा आणि बोट जुळवून हवेतला एक खडा उचलला, बाजूला टाकला, आणि पुढचं म्हणू लागले.